रकाना क्रमांक एकतीस

त्या पेढ्यांपासून सुरुवात करते, कारण ते मीच वाटले होते. पुढे मी पुष्कळांवर तोंडसुख घेणार आहे, तेव्हा माझा वाटा आधी पदरात घेतलेला बरा.

माझं नाव मनीषा फालक. नागरिकत्व कार्यालयाच्या फाटकासमोर, रसवंतीच्या शेजारी, माझं अर्ज भरून द्यायचं केंद्र आहे. एक संगणक, एक प्रिंटर, दोन बाकडी आणि भिंतीवर मोठ्या चौकोनांची दिनदर्शिका. आमचं गाव तापीच्या अलीकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. पण इथे सिंधमधून, कराचीतून आलेली दोन-अडीच हजार माणसं नागरिकत्वाची वाट बघत राहतात. त्यांना मुलं झाली, नातवंडं झाली, कागदावर मात्र ती अजून पाहुणीच. आणि आमचे हे, म्हणजे शरद फालक, समोरच्याच कार्यालयात वरिष्ठ लिपिक. मी अर्ज भरायचा, यांनी तो दाखल करून घ्यायचा आणि मग तो वर्षानुवर्षं झोपायचा, असा आमचा दोघांचा संसार.

चंपूमावशी गायकवाड ही माझी सगळ्यात जुनी अर्जदार. वय बहात्तर, उंची जेमतेम पावणेपाच फूट आणि आवाज मात्र फाटकापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा. तिचे आजोबा मालवणाकडून कराचीच्या बंदरात खलाशी म्हणून गेले आणि फाळणीनंतर तिथेच राहिले. मावशी कराचीत जन्मली, कराचीत वाढली, पण भांडली ती कायम मराठीत. सव्वीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इकडे आली, नवऱ्याचा चुलतभाऊ इथल्या डाळमिलात होता म्हणून. चौथ्या वर्षी नवरा गेला. मूलबाळ नाही. मागे राहिला तो कराचीतला धाकटा भाऊ, दत्तू.

दर भाऊबीजेला मावशी आमच्या केंद्राच्या पायरीवर पाट मांडायची आणि संध्याकाळी चंद्राला ओवाळायची. ज्या बहिणीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं, अशी रीत. एकदा मी म्हटलं, "मावशी, अगं फोनवर दत्तूमामा दिसतो ना? त्यालाच ओवाळ की."

"फोनला ओवाळू? काच तडकेल मेली! मला भाऊ आहे मने, जिताजागता. त्याच्या कपाळाला माझं बोट लागलं पाहिजे."

पण दत्तूमामाला इकडचा व्हिसा मिळेना आणि हिला गाव सोडायची सोय नाही. हिचा जुना पासपोर्ट कधीच संपलेला. तालुक्याबाहेर जायचं तरी परवानगी लागायची. दत्तूमामाचा मुलगा दुबईत नोकरीला होता. हिचं नागरिकत्व झालं, इथला पासपोर्ट हातात आला की दोघा भावंडांनी दुबईत भेटायचं, असा बेत एकोणीस वर्षं शिजत होता.

एकोणीस वर्षं! कार्यालय नव्या इमारतीत गेलं तेव्हा फाईल हरवली. सापडली तेव्हा फोटो जुना झाला होता. फोटो दिला तर संपलेला पासपोर्ट नवा करून आणा म्हणाले. त्यासाठी दिल्लीला, पाकिस्तानच्या वकिलातीत जायला हवं, आणि दिल्लीला जायची परवानगी नाही. तो नियम रद्द झाला तोवर कागदी अर्ज बाद होऊन सगळं संगणकावर आलं. शेवटी गाडी जन्माच्या दाखल्यावर अडली. मावशी जन्मली त्या दवाखान्याची दप्तरं पुरात गेलेली. "जन्मल्याचा पुरावा काय?" असं खिडकीतल्या माणसाने विचारलं, तेव्हा मावशी ओरडली होती, "अरे, मी तुझ्यापुढे उभी आहे, हा पुरावा!" तो चालत नाही म्हणे.

म्हणून वय-चाचणी आली तेव्हा मला खरोखर आनंद झाला. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं ते असं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएची लांबच लांब दोरी असते. त्या दोरीवर ठिकठिकाणी मिथाइलचे बारके रासायनिक ठिपके चिकटलेले असतात. वय वाढतं तसे काही ठिकाणचे ठिपके गळतात, काही ठिकाणी नवे बसतात, आणि हे साधारण ठरलेल्या क्रमाने होतं. हजारो ठिकाणं तपासली की माणसाचं वय दीड-दोन वर्षांच्या फरकाने सांगता येतं. बोटभर रक्त पुरतं. दाखला खोटा असू शकतो, हे ठिपके नाहीत.

त्याच्या जोडीला 'अनुक्रम' नावाचा प्रोग्राम आला. कुठला अर्ज आधी घ्यायचा, ते आता साहेब नाही, तो ठरवणार. वशिला बंद! आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि मार्च महिन्यात प्रत्येकाच्या अर्जापुढे एक नवी ओळ दिसू लागली: 'प्रकरण बंद होण्याची अपेक्षित तारीख.'

चंपूमावशीच्या नावापुढे होतं, अठरा ऑक्टोबर.

मी ती तारीख तीनदा वाचली. मावशीने चौथ्यांदा वाचायला लावली. तिने बोटांवर हिशेब केला आणि तिचे डोळे भरले. "भाऊबीज सहा नोव्हेंबरला आहे मने. तातडीचा पासपोर्ट आठवड्यात मिळतो. म्हणजे होतंय गं!" त्याच दिवशी कराचीला फोन झाला, दत्तूमामाने दुबईचं तिकीट काढलं, आणि मी किलोभर पेढे आणून अख्ख्या रांगेत वाटले. घरी नेले, आमच्या ह्यांनीही एक खाल्ला.

तरण्याताठ्या पोरांच्या तारखा आठ-आठ, दहा-दहा वर्षं पुढच्या होत्या. म्हाताऱ्यांच्या मात्र जवळच्या. रांगेतली पोरंसुद्धा म्हणाली, "चला, पहिल्यांदा वडीलधाऱ्यांचा मान ठेवला कुणीतरी." मी प्रत्येक म्हाताऱ्याची तारीख दिनदर्शिकेच्या चौकोनात लिहून ठेवली, अभिनंदनाचा फोन करायचा म्हणून.

पहिला चौकोन मे महिन्यात आला, परमानंदकाका तलरेजांचा. फोन करायची वेळच आली नाही. काका तेरा दिवस आधीच वारले होते. बिचाऱ्यांचं नशीब, असं आम्ही म्हटलं. मग जूनमध्ये देवकीबाई गेल्या, तारखेनंतर सहा दिवसांनी. आणि जुलैत लीलाराम मास्तर गेले ते नेमके त्यांच्या चौकोनाच्या दिवशी. मी हार घालून घरी आले, मग केंद्रात जाऊन तिघांचे अर्ज उघडले. तिन्हींवर एकच शेरा होता: 'बंद. अर्जदार मृत.' खाली बारीक अक्षरात: 'अंदाजापासून फरक: तेरा दिवस.' 'सहा दिवस.' 'शून्य.'

मी दिनदर्शिकेचं ऑक्टोबरचं पान उघडलं. अठराच्या चौकोनात माझ्याच अक्षरात मावशीचं नाव होतं.

रविवारी दुपारी यांच्या ताटात भरीत वाढलं आणि समोर बसले. "अहो, एक विचारते. खरं सांगायचं. त्या तारखा नागरिकत्वाच्या नाहीत ना?"

यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "बाहेर कुठे बोललीस?"

"मी आधी विचारलंय."

मग हे बोलले, ताटाकडे बघत. ते ठिपके नुसतं वय सांगत नाहीत. शरीर किती झिजलंय, तेही सांगतात. दोन माणसं सत्तरीची असली तरी एकाचे ठिपके साठीचे निघतात, दुसऱ्याचे ऐंशीचे. त्यात रक्तातली बाकीची दहा-बारा मोजमापं मिसळली की माणूस अजून किती काढेल, याचा अंदाज महिन्या-दोन महिन्यांच्या फरकाने येतो. हा सगळा तपशील वयाच्या पुराव्याबरोबर अनुक्रमकडे जात होता. आणि अनुक्रमला काम दिलं होतं एकच: सरासरी प्रतीक्षा कमी कर.

"एका अर्जाला चौकशी, पोलीस अहवाल, सुनावणी मिळून शंभरेक तास लागतात," हे म्हणाले. "माणसं मोजकी, तास मोजके. अर्जदार वारला तर अर्ज आपोआप बंद होतो. शून्य तास. त्याने गणित मांडलं. जे आपोआप बंद होणार आहेत, त्यांना हात लावायचा नाही."

"असं कर म्हणून कुणी सांगितलं त्याला?"

"कुणीच नाही."

"आणि करू नको म्हणून?"

"तेही कुणी नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

यांनी पाण्याचा तांब्या सरकवला. मी पुन्हा विचारलं. "मार्चमध्येच," म्हणाले. "तारखा दिसायला लागल्या तेव्हा."

"मार्चमध्ये! अहो, मार्चमध्ये मी पेढे वाटत होते! मावशीच्या मरणाचे पेढे वाटत होते मी आणि त्यातला एक तुम्ही चघळून खाल्लात! घशाखाली उतरला कसा?"

"माझ्या हातात काय होतं मनीषा? मी लिपिक माणूस. प्रलंबित प्रकरणं चाळीस टक्क्यांनी घटली, साहेब खूश, दिल्लीला नाव गेलंय. मी मध्ये बोललो असतो तर—"

"तर काय झालं असतं? तुमचं नाव कापलं असतं? माणसं कापली जाताहेत ते बरं चाललंय!"

त्या दिवशी भरीत तसंच राहिलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी यांच्यावर चिडले पुष्कळदा, पण लाज वाटली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

मावशीला सांगावं की नाही, याचा विचार मी रात्रभर केला. सकाळी ती नेहमीप्रमाणे बाकड्यावर येऊन बसली, कोऱ्या पासपोर्टासाठी शिवलेली कापडी पिशवी दाखवायला. आता अशा बाईशी खोटं कसं बोलणार? मी सगळं सांगितलं.

तिने पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, "अठरा ऑक्टोबर? मेल्यांनी भाऊबीज तरी होऊ द्यायची." आणि थोड्या वेळाने तिचा आवाज चढला. "एकोणीस वर्षं बसवलं मला. बसवलं ते बसवलं, आता मी मरण्याची वाट बघतात आणि त्याला कामगिरी म्हणतात? काय गं, यांना आई नाही?"

ती रडेल म्हणून मी तयार होते. ती रडली नाही, उलट मलाच कामाला लावलं. "तू बावीस वर्षं अर्ज भरतेस. यातून वाट काढ. तुमच्या फालकांचा तो बांधाचा दावा कोण लढतंय आता? तुझा आजेसासरा मेला तरी तो चालूच आहे ना?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बांधाचा दावा आजेसासऱ्यांनी लावला, सासऱ्यांनी लढवला, आता हे तारखांना जातात. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, माणूस मरतो, दावा मरत नाही. वारस लागतो आणि तारीख पुढे चालू राहते.

मी नागरिकत्वाचा अर्ज उघडला. रकाना क्रमांक एकतीस: 'अर्जदाराच्या पश्चात प्रकरण पुढे चालवणाऱ्याचे नाव, नाते व सही.' या रकान्यात मी बावीस वर्षं दोनच शब्द टंकत आले होते, 'लागू नाही'. कारण हा रकाना वाचून दाखवला की माणसं चिडायची. जिवंत माणसाच्या कागदावर मरणाच्या गोष्टी कशाला, अपशकुन नको! मलाही ते पटायचं. एकेका अर्जावर, माझ्या हाताने, 'लागू नाही'. हजारभर तरी असतील. त्या मशीनला वाट कुणी करून दिली असेल, तर ती मी.

दुपारी यांच्यापुढे अर्ज आपटला. "हा रकाना भरला तर काय होईल?"

यांनी चष्मा पुसला. दोनदा वाचलं. "अर्जदार वारला तरी प्रकरण बंद होणार नाही. प्रतीक्षेचे दिवस मूळ तारखेपासून चालूच राहतील." मग हळूहळू यांच्या चेहऱ्यावर उजेड यायला लागला. "म्हणजे सरासरी वाढतच जाईल. म्हणजे सगळ्यात जुने अर्ज तो सगळ्यात आधी उचलेल. त्याला दुसरं गणितच उरणार नाही."

"दुरुस्ती दाखल करून घ्यायला साहेबांची सही लागते?"

"नाही. लिपिकाची पुरते." मग आवाज खाली आला. "मनीषा, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय माझ्या."

"त्यांना तेवढंही नाही राहिलं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली तेव्हा शाईचा पॅड बाहेर काढून ठेवलेला होता.

त्या आठवड्यात मी एक्केचाळीस म्हाताऱ्यांच्या दुरुस्त्या भरल्या. समजावून, हातापाया पडून, काहींना चक्क दम देऊन. मावशीच्या अर्जाशी आले तेव्हा विचारलं, "पुढे चालवणारी म्हणून माझं नाव घालते. नातं काय लिहू?"

"भाची लिही. लिहिलंस की झालीस."

यांनी चोवीस जुलैला एक्केचाळीस शिक्के मारले. आणि पावती हातात आली तेव्हा खालची ओळ वाचली: 'दुरुस्ती नव्वद दिवसांनी अमलात येईल.' नव्वद दिवस, म्हणजे बावीस ऑक्टोबर. मशीनच्या तारखेनंतर चार दिवसांनी. कशासाठी नव्वद, ते कुणालाच सांगता येईना. पहिल्यापासून आहे, म्हणाले.

ते तीन महिने मावशी हट्टाने जगली. वेळेवर औषधं, दोन वेळा नाचणीची आंबील, संध्याकाळी फाटकापर्यंत तीन फेऱ्या. अठरा ऑक्टोबरला सकाळी दहाला ती नवं लुगडं नेसून केंद्रात हजर झाली. दिवसभर बाकड्यावर शेव-चिवडा खात बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आज माझी मरायची तारीख आहे हो! ओळख असू द्या." कार्यालय बंद झालं तेव्हा तिसऱ्या मजल्याकडे बघून ओरडली, "सांगा रे तुमच्या मशीनला, चंपू घरी चालली म्हणून!" आम्ही सगळे हसलो. हे खिडकीतून बघत होते, तेही हसले.

बावीसला सकाळी रांग उलटी झाली. एक्केचाळीस अर्ज वर आले आणि त्यात पहिला चंपूमावशीचा. चौकशी तीन दिवसांत पूर्ण! एकोणीस वर्षांत जमलं नाही ते तीन दिवसांत. सुनावणी आणि शपथ, सत्तावीस ऑक्टोबर, सकाळी अकरा.

सव्वीसला संध्याकाळी संदेश आला: 'अपरिहार्य कारणास्तव सुनावणी दहा नोव्हेंबरला.' अपरिहार्य कारण काय? तर साहेब दिल्लीला गेले होते. प्रलंबित प्रकरणं घटवण्यातल्या उल्लेखनीय कामगिरीबद्दल सत्कार होता त्यांचा. आणि तिकडूनच दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजेवर.

याला मशीन काय करणार? हे माणसाचंच काम.

मावशी धनत्रयोदशीच्या सकाळी गेली. दत्तूमामासाठी अनारसे तळत होती. शेजारणीने गॅस बंद केला. परातीत सोळा अनारसे तळलेले होते.

भाऊबीजेला दुबईहून फोन आला. दत्तूमामा तिकीट काढलं होतं म्हणून गेला होता. मुलाच्या खोलीत पाटावर बसलेला, कपाळ मोकळं. एवढंच म्हणाला, "ताईचा कागद झाला की मला दाखव बाळ. ती तिकडची झाली, एवढं मला बघू दे." मी बरं म्हटलं.

दहा नोव्हेंबरला अकरा वाजता मी साहेबांपुढे बसले. टेबलावर ते दिल्लीचं सन्मानचिन्ह होतं, त्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

"वाईट झालं," साहेब म्हणाले. "आता तुम्ही प्रकरण मागे घेत असल्याची सही करा म्हणजे बंद करू."

"मी मागे घेत नाही. मला कागद हवाय. चंपूबाई गायकवाड या देशाच्या नागरिक होत्या, असा."

"अहो बाई, मृत व्यक्तीला शपथ कशी देणार?"

"सत्तावीस तारखेला जिवंत व्यक्तीला द्यायची होती. तेव्हा आपण कुठे होतात?"

ते लाल झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "समजून घ्या. बाकीचे चाळीस मार्गी लागतील. पण शपथ होत नाही, म्हणून हे एक प्रकरण मंजूरही करता येत नाही आणि तुम्ही सोडत नाही, म्हणून बंदही करता येत नाही. रोज दिवस वाढताहेत. अख्ख्या जिल्ह्याची सरासरी बिघडते."

"बिघडू द्या."

"निदान प्रयोगशाळेत जाऊन रक्ताचा नमुना तरी द्या. प्रकरण बंद होण्याची तारीख दाखवल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मी सावकाश बोलले, बावीस वर्षं याच लोकांकडून शिकलेल्या सुरात. "साहेब, पुढे चालवणाऱ्याचं रक्त घ्यायचा नियम दाखवा. लेखी."

असा नियम नाही. यांनी आधीच शोधून ठेवलं होतं.

त्या चाळिसांपैकी तेहतीस जणांनी आतापर्यंत शपथ घेतली. परवा एक आजोबा पेढे घेऊन आले. मी त्यांच्या पाया पडले, पण पेढा काही माझ्याने खाववला नाही. आमच्या ह्यांची बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली आहे. रोज सकाळी साहेबांच्या दाराशी मला सोडतात, डबा हातात देतात आणि खाली जातात. मी अकरा ते एक समोरच्या खुर्चीत बसते. मावशीची कापडी पिशवी मांडीवर असते.

साहेबांच्या भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर सगळ्यात वर चंपूबाई गायकवाड, प्रतीक्षा सात हजार बावन्न दिवस. शेजारचा, तारखेचा चौकोन रिकामा आहे. मी अजून किती जगणार, हे मशीनला माहीत नाही. माझं वय पन्नास आहे, तब्येत ठणठणीत आहे आणि माझ्या अर्जांवर रकाना एकतीस आता कधीच रिकामा राहत नाही. माझ्यानंतर हे प्रकरण कोण चालवणार, रांगेतल्या त्या तरण्या मुलीचं नावही मी कालच लिहून दिलंय.